पाहुण्यांना सांगावं लागेल ते आधी

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं गावं रिकामी होतात आणि शिवारं भरतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, तिच्यात दगडांचे पांडव मांडून पुजायचे आणि बांधावरून जो जाताना दिसेल त्याला हाका मारून भज्जी, म्हणजे मिसळीची पातळ भाजी, आणि आंबील वाढायची. जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि लातूरच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. २०२४ साली ती ३० डिसेंबरला, सोमवारी आली. आमच्या अक्कांनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं की यंदा त्यांच्या व्याही-विहीणबाईंना येळवस दाखवायचीच. विहीणबाई माहेरच्याही पुण्याच्या आणि सासरच्याही पुण्याच्या. हुरडा त्यांना माहीत, येळवस नुसती ऐकून. शेत औशाकडं, पण मुक्काम लातुरात, आमच्या घरी.

दिवाळीत ‘या की, या की’ म्हणायला काय जातंय!

आमच्याकडं घराची मोठी साफसफाई घटस्थापनेच्या आधी होते. तिला ‘दसरा काढणे’ म्हणतात. वाकळा, चादरी, डबे, पाट, सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हात घालायचं आणि मगच घट बसवायचा. त्या साली नेमकं त्याच सुमाराला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्याला धूळ लागू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, त्यामुळं दसरा निघाला तो नुसत्या देवघरापुरता. पाठोपाठ सोयाबीनची रास आली, हरभऱ्याची पेरणी आली, माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या. त्यात पोरीची बारावी, म्हणजे एका खोलीत तर पाय ठेवायचीच बंदी. घर चाललं होतं, पण कसं चाललं होतं ते आम्हा चौघांनाच माहीत.

डिसेंबर लागला आणि अक्कांचा फोन आला. “वैनी, गाडी सांगितली बघ. रविवारी दुपारपर्यंत पोचतो. तुम्ही काही करत बसू नका हं.” काही करत बसू नका, हे आमच्या अक्कांचं नेहमीचं. त्यांच्या स्वतःच्या घरी पाहुणा यायचा असला की त्या आठवडाभर आधी पडदे उतरवतात.

वही घेऊन बसले. एकेक खोली डोळ्यापुढं आणून लिहीत गेले तर दोन पानं भरली आणि स्वयंपाकघर अजून राहिलंच होतं. शाळा सांभाळून एवढं होणं शक्य नव्हतं. कामवाल्या मावशींचा हात धरला तरी नव्हतं. मग मी ते पान उलटलं आणि पोरीला हाक मारली. म्हटलं, अर्धा तास पुस्तक मिट आणि विहीणबाई हो. फाटकापासून आत ये, हातपाय धू, बस, चहा घे, न्हाणीत जाऊन ये, आडवी हो. जिथं जिथं मला तोंड उघडून तुला काही सांगावं लागेल तेवढंच मी लिहिते.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे उन्हाळ्यात शाळेतली एक मैत्रीण आमच्या न्हाणीत अडकली होती. आमच्या न्हाणीची कडी उघडायची तर दार जरा उचलून आपल्याकडं ओढायचं आणि मग कडी सरकवायची. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं की कडी बिघडलीय हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती बिचारी आतून हळू आवाजात “अहो मॅडम, अहो मॅडम” करत राहिली. धूळ दिसली तर पाहुणा मनात काय म्हणायचं ते म्हणतो आणि विसरतो. न्हाणीतून हाक मारायची वेळ आली तर लाज पाहुण्याची जाते, आणि ते काही तो विसरत नाही.

पोरीनं ओढणीचा पदर केला, नाक वर केलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. बेल दाबली. वाजली नाही. “बेल वाजत नाही, फाटक वाजवा.” लिहिलं. आत आली, खुर्ची ओढली. “ती नको, तिचा पाय तडकलाय.” लिहिलं. पंख्याचं बटण दाबलं, पंखा सुसाट. “तो चारवरच फिरतो, कमी होत नाही.” डिसेंबरात पंखा लागत नाही म्हणून त्याच्यापुढं फुली मारली. न्हाणी. “कडी उचलून ओढा.” फ्लश. “दांडा दाबून धरा, मग खालून नळाची तोटी बंद करा, नाहीतर टाकी रिकामी होते.” गिझर. “लाल दिवा लागत नाही, पण चालू असतो.” हात पुसायला टॉवेल कुठला, ते. पाण्याचा माठ कुठला प्यायचा, कुठला वापरायचा, ते. शेवटी ती मधल्या खोलीच्या दाराशी आली, दार ढकललं, ते हातभर उघडून अडलं. आत सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती. विहीणबाई हसू आवरत म्हणाल्या, “आणि आम्ही झोपायचं कुठं?”

सगळी मिळून पंधरा-सोळा कामं निघाली. जळमटं त्यात नव्हती, खिडक्यांचे गज नव्हते, आरशाचे डाग नव्हते. यादी वाचून दाखवली तर आत्याबाई म्हणाल्या, “आता गं! पाव्हणे जेवायला यायलेत का घर तपासायला?” पण न्हाणीच्या कडीचं ऐकल्यावर “ते मात्र कर बाई” असंही म्हणाल्या. त्यांना स्वतःला ती कडी एका डोळ्यावर पट्टी असताना किती जड गेली असेल, ते आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुरुस्त्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर्षभर रखडलेली ही कामं प्रत्यक्षात किती किरकोळ असतात, याचा नंतर राग येतो. न्हाणीच्या दाराचं दुखणं कडीत नव्हतंच, वरच्या बिजागरीत होतं. स्क्रूची भोकं मोठी झालेली, त्यामुळं दार खाली झुकलेलं आणि कडी समोरच्या भोकात बसेना. सुताराला बोलवायचं म्हणून आम्ही थांबलो होतो. शेवटी यांनीच स्क्रू काढले, भोकात फेविकॉल लावून काड्यापेटीच्या गुल काढलेल्या काड्या ठोकल्या, जास्तीचं लाकूड कापून रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी तेच स्क्रू परत आवळले. कडी बोटानं सरकायला लागली. फ्लशच्या टाकीत रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता. बेलचा तर नुसता सेल गेला होता. सेल! आणि आम्ही आल्यागेल्याला फाटक बडवायला लावत होतो.

सोयाबीनचे कट्टे हे मात्र दुरुस्तीचं काम नव्हतं. ते आमच्या घरातलं लांबलेलं भांडण होतं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला आणि आडतीवर त्याच्या बराच खाली दर. ‘संक्रांत होऊ दे, वाढतंय’ असं यांचं. मराठवाड्यात हिवाळ्यात घराघरांत असे कट्टे दिसतील, आणि त्यांच्याकडं बघून घरधन्याचा स्वभाव कळतो. मला भावातलं कळत नाही, पण भुसकटाची धूळ कळते. अंगाला खाजते, वाकळांत शिरते, कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी फरशीवर पिवळट थर असतोच. शिवाय कट्ट्यांमागं उंदरानं संसार मांडलेला. मी एवढंच म्हटलं, की अक्कांचे व्याही कट्ट्यावर झोपणार असतील तर माझं काही म्हणणं नाही. बियाण्यापुरतं ठेवून बाकीचं त्याच आठवड्यात आडतीवर गेलं. हे अजून लोकांना सांगतात की आमच्या घरात माल विकायचा दिवस केरसुणी ठरवते. पुढचे दोन-तीन महिने भाव काही चढला नाही, हे ते सांगत नाहीत.

कट्टे गेले आणि मागून जे निघालं त्यानं माझा एक रविवार खाल्ला. दिवाणाखाली आणि भिंतीकडेला लावलेली मोठाली भांडी: पितळी पातेली, घंगाळ, दोन कळश्या, तांब्याचा बंब, लग्नातल्या पराती. तुम्ही म्हणाल, ही माळ्यावर का नाहीत? आमच्या घरात माळा आहे आणि त्याच्यावर उशा, रिकामी खोकी नि गणपतीची मखर सोडून काही नाही. आत्याबाईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, तेव्हा दगड-मातीची माळवदं त्यांच्या अंगावर आली. त्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यात त्यांच्या जवळची होती. तेव्हापासून डोक्याच्या वर जड वस्तू ठेवायची नाही, हा घराचा कायदा. पाहुण्यांसाठी घर मोकळं दिसावं म्हणून मीही तो कधी मोडणार नाही. जड भांडी खालीच राहिली, फक्त एका भिंतीला नीट उतरती लावली आणि वर जुनं नेसूचं पातळ घातलं.

आता पाण्याचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की साफसफाई घाणीच्या हिशोबानं करतात, जिथं जास्त घाण तिथं आधी. लातुरात ती पाण्याच्या हिशोबानं होते. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. तेव्हा पोरगी लहान होती. तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय आणि राहिलेलं तुळशीला, हे ती तेव्हा शिकली, अजून विसरली नाही. आता तशी तंगी नाही, धरणात पाणी असलं की बरं चालतं. पण नळ रोज येत नाहीच. दिवस ठरलेला, वेळ नाही. म्हणून आधी सगळी कोरडी कामं संपवायची आणि ओली कामं नळाच्या दिवसावर ढकलायची, असा क्रम आपोआप लागतो.

कोरडी कामं वरून खाली. आधी छताची जळमटं, मग पंख्याची पाती (जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढला की धूळ अभ्र्यात राहते, खाली पडत नाही), मग भिंतीवरचे फोटो, मग खिडक्या आणि शेवटी जमीन. गंजगोलाईतून दोन नव्या केरसुण्या आणल्या. गोलाईला सोळा रस्ते मिळतात, त्यामुळं केरसुणीवाल्या बाईपर्यंत जाईस्तोवर वाटेत आणखी काय काय घेतलं जातं, ते जाऊ दे.

गाद्या धुण्यात अर्थ नव्हता. डिसेंबरात भिजलेली वाकळ दोन दिवस वाळत नाही आणि नीट न वाळता घडी घातली की जो कुबट वास सुटतो तो पाहुण्याच्या अंगावर घालायचा का? गच्चीवर उन्हात टाकल्या, दुपारी उलटल्या, सळईनं झोडल्या. नुसते अभ्रे आणि वरच्या चादरी धुवायला काढल्या. आत्याबाईंनी स्वतः शिवलेल्या दोन वाकळा होत्या, जुन्या धोतराचं अस्तर आणि वर इरकलीचे तुकडे. त्या पेटीतून काढताना त्या म्हणाल्या, “ह्या नको, जुन्या दिसतेत.” मी त्याच मुद्दाम वर ठेवल्या.

टाकीची गंमत अशी की ती धुवायची तर जवळपास रिकामी व्हायला हवी. रिकामी होऊ द्यायची तर नळ नक्की येणार याची खात्री हवी. आणि खात्री कुणालाच नसते. नळ गुरुवारी येणार असं गल्लीच्या वॉट्सअप ग्रुपवर आलं. त्या भरवशावर बुधवारी संध्याकाळपर्यंत टाकी बुडाला आणली. यांना आत उतरवलं. तळाशी चार बोटं गाळ, कडेनं हिरवट शेवाळ. खराट्यानं घासलं, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं पुसलं, थोडा वेळ तसंच ठेवून धुऊन काढलं. गाळाचं पाणी बादल्यांनी उपसून अंगणातल्या लिंबाला घातलं. ब्लिचिंगचं मात्र झाडाला घालायचं नाही, ते मोरीत. सांडायच्या, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या, बॅरलला आणि रांजणालाही त्याच दिवशी कोरडं केलं. पाणी साठवणाऱ्या घरात हे आठवड्याला व्हायला हवं, कारण डेंगीचा डास साठवलेल्या चांगल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस पाळा’ असा फलक आमच्याच कोपऱ्यावर लागलेला असतो, आणि त्याच्याखाली गल्लीतली बॅरलं.

गुरुवार दिवसभर नळ आला नाही. संध्याकाळी घरात दोन घागरी पिण्याचं आणि अर्धी बादली वापरायचं एवढंच उरलं. हे टँकरवाल्याला फोन लावायच्या बेतात. आत्याबाई देवापुढं बसून देवालाच नळाचं विचारायल्या. रात्री दोनच्या सुमाराला पाइपातून हवा सुटल्याचा फुसफुस आवाज आला आणि अख्खी गल्ली जागी झाली. मोटारी सुरू झाल्या, दिवे लागले, कुणाच्या तरी अंगणात धुणं आपटायला सुरुवात. आम्हीही त्या रात्री झोपलो नाही. धुण्याचं पहिलं पाणी मशिनीतून बादल्यांत घेतलं, त्यानं अंगण आणि पायऱ्या खराट्यानं घासल्या. खळबळायचं दुसरं पाणी संडासाला ठेवलं. फरशीला तेवढं नवं पाणी. पहाटे पाचला दोऱ्या अभ्र्यांनी भरलेल्या, अंगण ओलं, आणि पोरगी पायरीवर बसून त्या गडबडीत जीवशास्त्राचं पाठ करत होती.

क्षारांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात निम्मी घासाघीस त्यांच्यामुळंच असते. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून बोअरचं मिसळतो, आणि बोअरचं पाणी जड. बादल्या, मग, तोट्या, सगळ्यांवर पांढरा खडबडीत थर. पाणी तापलं की त्यातले विरघळलेले क्षार चुन्यासारखे खाली बसतात, म्हणून गिझर आणि चहाचं भांडं यांची अवस्था सगळ्यात वाईट. हा थर साबणानं जात नाही, कितीही घासा. त्याला आंबट लागतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून जुनी फडकी त्यात भिजवली आणि तोट्यांना गुंडाळून रात्रभर ठेवली. सकाळी थर नखानं सुटला. बादल्यांत तेच पाणी फिरवून ठेवलं.

पण हेच आंबट पाणी फरशीवर सांडू द्यायचं नाही. आमच्याकडं जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि ओट्याला कडप्पा. दोन्ही चुनखडीचेच दगड. जे तोटीवरचा क्षार खातं ते फरशीही खातं. ॲसिडनं संडास धुताना उंबऱ्याबाहेर शिंतोडे उडून शहाबादीवर कायमचे पांढुरके, खरबरीत चट्टे पडलेले मी कितीतरी घरांत बघितले आहेत, आणि मग त्या घरची बाई ते डाग काढायला आणखी ॲसिड ओतते. शहाबादीला साधं पाणी, फार तर थोडी साबणाची पूड. आणि टाकीसाठी आणलेली ब्लिचिंग पावडर नि संडासाचं ॲसिड एका वेळी एका ठिकाणी वापरायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो. मावशींना मी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून दिल्या. नुसतं सांगून भागत नाही.

सगळ्यात मनापासून केलेलं काम म्हणजे कल्हई. येळवशीची भज्जी म्हणजे तुरीचे ओले दाणे, हरभरा, वरणा, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, सगळं चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात एकत्र शिजवायचं, चाळीस-पन्नास माणसांचं. एवढं मोठं भांडं आमच्याकडं पितळीच आहे, आणि त्याची आतली कल्हई उडून जागोजाग पिवळं दिसत होतं. चिंच आणि उघडं पितळ एकत्र आलं की भज्जी कळकते, हिरवट होते, पोटाला बाधते. ॲल्युमिनियमचं भाड्यानं आणू, असं यांचं म्हणणं. आत्याबाईंनी नुसतं बघितलं. तो विषय तिथंच संपला.

कल्हईवाले आता रोज गल्लीत येत नाहीत. एक म्हातारे चाचा महिन्या-दोन महिन्यांतून कोपऱ्यावरच्या लिंबाखाली बसतात, त्यांना निरोप धाडला. ते आले, जमिनीत छोटा खड्डा केला, कोळसे पेटवले आणि हातानं फिरवायचा पंखा त्याला जोडला. पातेलं आधी वाळूनं घासून घेतलेलं. ते निखाऱ्यावर सांडशीनं गोल गोल फिरवत तापवलं. तापलं की आत नवसागराची पूड भुरभुरवली. पांढऱ्या धुराचा लोट, नाकात शिरून डोळ्याला पाणी आणणारा. त्या धुरातच कथलाची कांडी बुडाला टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळाला त्यानं काही होत नाही. कांडी टेकली तिथं एक चकचकीत थेंब झाला. चाचांनी कापसाचा बोळा घेऊन तो थेंब जो फिरवला, तो बोळ्याच्या मागं मागं सगळं पिवळं झाकत चांदीचा पट्टा पसरत गेला, बुडावरून कडेला, कडेवरून काठापर्यंत. शेवटी पातेलं बादलीत बुडवलं. चर्र. पोरगी रसायनशास्त्राचं पुस्तक खोलीत टाकून बघायला आली होती. नवसागर कशाला घालतात म्हणून तिनं विचारलं. चाचा म्हणाले, “बेटी, मैल गया तो कथील चिकटता है.” तिनं तेच मला पुस्तकी भाषेत सांगितलं: तो धातूवरचा ऑक्साईडचा थर काढतो. पातेलं झालं तशी मग परात दिली, कळशी दिली, शेजारच्या काकूंनी त्यांचं घंगाळ आणलं. दुपारपर्यंत लिंबाखाली भांड्यांची रांग.

रविवार. अंगणात सडा, रांगोळी, आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, चुना-कावेनं रंगवून वाळायला ठेवलेली. पोरीची खोली जशी होती तशी, दार ओढून घेतलेलं. पंखा चारवरच. माळ्याखालची एक खिडक्यांची ओळ पुसायची राहिली, ती मी अक्कांच्या नजरेला पडेल म्हणून पडदा सोडून झाकली. दुपारी दोनला गाडी आली, बेल वाजली, आणि इतक्या महिन्यांनी ती वाजल्यामुळं आत्याबाई दचकल्या. विहीणबाईंनी हातपाय धुतले, चहा घेतला, न्हाणीत जाऊन आल्या. मला काही म्हणजे काही सांगावं लागलं नाही. अक्का घरभर फिरून आल्या, पडदा उचलून खिडकी बघितली आणि परत सोडला.

रात्री थंडी बरीच होती. व्याहीबुवांनी विकतचं ब्लँकेट बाजूला ठेवून आत्याबाईंची वाकळ मागून घेतली. आत्याबाई सकाळी हे सगळ्या शिवारात सांगत होत्या.

शेतात काय झालं ते लिहायला बसले तर आणखी एवढंच होईल. भज्जी कळकली नाही, पातेलं तळापर्यंत गेलं. विहीणबाई जेवणं झाल्यावर हात धुऊन त्या पातेल्यापाशी येऊन बसल्या, आत हात फिरवून बघितला. “हे असं कुठं करून मिळतं हो? माझ्या सासूबाईंची सहा भांडी पोटमाळ्यावर नुसती पडून आहेत. पुण्यात मी विचारून दमले.”

मी चाचांचं सांगितलं. दोन महिन्यांतून एकदा येतात, आधी निरोप द्यावा लागतो.

“मग पाडव्याला येते,” त्या म्हणाल्या. “भांडी घेऊन. चालेल ना?”

“या की,” मी म्हटलं. आणि अक्कांकडं बघितलं, तर त्या हसायच्या थांबेनात.